देवस्थानाच्या कार्यालयातील नवा लॅपटॉप : एका पावसाळ्याच्या वापरानंतर

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या कार्यालयात हिशेब, पावत्या आणि पत्रव्यवहार ही कामे मी पाहतो. विंडोज 10 साठीचे सुरक्षेचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 नंतर बंद होणार हे आधीच जाहीर झाले होते. आमच्या जुन्या लॅपटॉपमधील इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज 11 च्या अटींत बसत नव्हता, म्हणून समितीने त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नवा लॅपटॉप घेतला. 14 इंची स्क्रीन, 16 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी (फिरता भाग नसलेली, वेगवान साठवण) आणि टाइप-सी चार्जर अशी त्याची रचना आहे. या रचनेची यंत्रे बहुतेक सर्व कंपन्या विकतात, त्यामुळे कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही.

वेगाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जुन्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क होती, नव्यात एसएसडी आहे, आणि रोजच्या कामात जाणवणारा बहुतेक फरक तेवढ्यावरून पडतो. स्क्रीनच्या उंचीचा लाभ मात्र मला अनपेक्षित होता. रुंदी-उंचीचे प्रमाण 16:9 ऐवजी 16:10 असल्यामुळे एक्सेलमध्ये पाच-सहा ओळी जास्त दिसतात, आणि जत्रेच्या जमाखर्चाचा लांबलचक तक्ता तपासताना डोळ्यांना व बोटांना होणारा त्रास खरोखरच कमी होतो.

खरे कष्ट पडले ते जुन्या मराठी फायली नव्या यंत्रावर आणताना. आमच्याकडील नोटिसा आणि महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांच्या, सभांची इतिवृत्ते वर्षानुवर्षे युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रूढ होण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप होत आली होती. अशा फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की रोमन अक्षरे आणि निरर्थक चिन्हे यांपलीकडे काहीही दिसत नाही. कन्व्हर्टरने बहुतेक मजकूर युनिकोडमध्ये आला, परंतु ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘गाभाऱ्यातील’ अशा शब्दांतील ऱ्य जागोजागी बिघडून त्याचा रफार झाला आणि प्रत्येक इतिवृत्त मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे लागले. सभेचे इतिवृत्त हा पुरावा असतो. त्यात एक अक्षरही अंदाजाने दुरुस्त करणे मला योग्य वाटत नाही. ज्यांच्या कार्यालयात असा जुना मजकूर आहे त्यांनी नवे यंत्र आल्यानंतरही जुने यंत्र त्याच्या फॉन्टसह काही महिने चालू ठेवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

नवीन टायपिंग आता इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत होते. त्यात शिफ्ट धरून J ही कळ दाबली की ऱ येतो, त्यापुढे D ने हलन्त आणि मग य दिला की ऱ्य नीट जुळतो. कीबोर्डवर देवनागरी अक्षरे छापलेली नसल्यामुळे सुरुवातीला तक्ता समोर ठेवावा लागला, पण हात बसल्यावर कोकणीतील पत्रेही त्याच सवयीने सहज लिहिता येऊ लागली.

पावसाळ्यात वीज वारंवार जाते. अशा वेळी पावती अर्धवट राहत नाही, हे बॅटरीचे सर्वांत मोठे सुख आहे. दिवसभर चार्जर लावूनच काम होत असल्यामुळे चार्जिंगची मर्यादा मी 80 टक्क्यांवर ठेवली आहे, कारण लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली तर तिची क्षमता लवकर घटते. दमट हवेचा उपद्रव वेगळ्याच ठिकाणी जाणवला. घामेजलेले किंवा ओलसर बोट ठसा ओळखणारा सेन्सर मान्य करत नाही, तेव्हा पिन टाकण्याची सोय कायम ठेवणे इष्ट आहे.

यंत्र सडपातळ असल्यामुळे नेटवर्कच्या केबलसाठी जागाच नाही. त्यासाठी वेगळा अडॅप्टर घ्यावा लागला. डिजिटल सहीचे टोकन आणि पावतीचा प्रिंटर यांना जुन्या आकाराचे यूएसबी पोर्ट लागतात. असे दोन पोर्ट आहेत का, हे आम्ही खरेदीपूर्वीच पाहून घेतले होते आणि त्याचा रोज उपयोग होतो. सभागृहात ताळेबंद दाखवताना मोठ्या पडद्याला जोडण्याचे एचडीएमआय पोर्टही उपयोगी पडते. आवाज मात्र क्षीण आहे. ऑनलाइन बैठकीत पंखा चालू असेल तर पलीकडच्याचे बोलणे नीट ऐकू येत नाही आणि हेडफोन लावावाच लागतो.

विकत घेताना दुकानदाराला दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. पहिली, रॅम पुढे वाढवता येते का, कारण अनेक सडपातळ यंत्रांत ती मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते. दुसरी, वॉरंटीत तंत्रज्ञ तुमच्या कार्यालयात येतो की यंत्र पणजीला नेऊन द्यावे लागते. आम्ही तंत्रज्ञ जागेवर येण्याची वॉरंटी जास्त पैसे भरून घेतली, कारण पावत्या देणारे यंत्र जत्रेच्या दिवसांत कार्यालयाबाहेर राहणे आम्हाला परवडणारे नाही.