भागीदारी मिन्यान की समतावादी सिनेगॉग?

जेरुसलेमला शिकायला निघालेल्या एका बेने इस्राएली (महाराष्ट्रातल्या ज्यू समाजातल्या) मैत्रिणीचा प्रश्न: सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळी, तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) वाचायचीय, पण घरची रीतही मोडायची नाही. कुठे जाऊ? मिन्यान म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारा दहा प्रौढांचा गट. पर्याय दोन: ऑर्थोडॉक्स (परंपरानिष्ठ) चौकटीत राहून स्त्रियांना काही वाटा देणारं भागीदारी मिन्यान, किंवा स्त्री-पुरुषांना समान मानणारं समतावादी सिनेगॉग.

दहाची गणना: समतावादी सिनेगॉगमध्ये स्त्री-पुरुष मिळून दहा प्रौढ पुरतात. अमेरिकेतल्या कन्झर्वेटिव्ह (मध्यममार्गी) ज्यू पंथाने 1973 मध्ये स्त्रियांना मिन्यानमध्ये मोजायला परवानगी दिली. भागीदारी मिन्यानमध्ये धर्मनियमाने दहा पुरुषच लागतात. तरी जेरुसलेमचं शिरा हदाशा हे भागीदारी मिन्यान (स्थापना 2002) दहा स्त्रियाही येईपर्यंत थांबतं. नियम न मोडता दाखवलेला हा आदर मला फार मोलाचा वाटतो.

कोण काय करतं: खरा फरक इथे आहे. भागीदारीत शुक्रवार संध्याकाळचं शब्बाथचं (शनिवारच्या विश्रांतीदिनाचं) स्वागत स्त्री गाते, तोरा वाचते, वाचनासाठी तिला बोलावलंही जातं. पण बरखू आणि केदुशा (मिन्यानशिवाय न म्हणता येणारे प्रार्थनेचे भाग) आले की हाझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, पुरुषच. स्त्रीच्या तोरावाचनाला आधार तालमूद या प्राचीन धर्मनियमग्रंथाचाच: शब्बाथला वाचनासाठी बोलावल्या जाणाऱ्या सातजणांत स्त्री चालते, फक्त ‘समाजाच्या मानासाठी’ तिने वाचू नये. समाजच मान सोडायला तयार असेल तर? समतावादी ठिकाणी हा प्रश्नच उरत नाही, सगळंच खुलं.

बसणं: भागीदारीत मधे पडदा, समतावादीत बहुधा एकत्र.

रोजची सोय: भागीदारी मिन्यान बहुतेक शब्बाथ-सणांपुरतंच भरतं. दिवंगत आईवडिलांसाठी रोज कद्दिश (मिन्यानमध्येच म्हणायची प्रार्थना) म्हणायचं असेल तर दुसरी जागा शोधावी लागते.

ऑर्थोडॉक्स चौकट जपून वाचन करायचं तर भागीदारी. स्वतः मिन्यानमध्ये मोजलं जायचं असेल, पूर्ण प्रार्थना चालवायची असेल, तर समतावादी. मैत्रिणीला मी पहिलं सुचवलं.