फिट्सच्या 'शंभर टक्के गॅरंटी'वाल्या औषधापासून सावध रहा

ज्यांच्या घरात कुणाला चाळिशी-पन्नाशीत अचानक फिट्स यायला लागल्यात त्यांनी हे वाचाच. आमच्या ह्यांना आयुष्यात कधी काही नव्हतं, सत्तेचाळिसाव्या वर्षी झोपेत पहिली फिट आली, मग काही आठवड्यांनी दुसरी. एमआरआय नॉर्मल, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल, सोडियम-शुगर पण नॉर्मल. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले या वयात फिट्स सुरू झाल्या की मेंदूत गाठ, जुना स्ट्रोक, इन्फेक्शन, दारू असं काही आहे का ते बघतात पण बऱ्याच पेशंटमधे काहीच सापडत नाही, आणि ईईजी फिट नसताना काढला तर नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा गोळी चालू करायची. आता हे ऐकायला पटतं, पण घरी आल्यावर ह्यांचं एकच, कारणच माहीत नाही तर गोळी कशावर?

हे गॅरंटीवाले औषध विकणारे लोक नेमकं तिथेच पकडतात. व्हॉट्सॅपवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला, ह्यांनी फोन लावला. त्या माणसाने आधी सगळे रिपोर्ट मागवले आणि ते नॉर्मल बघून तर खूषच झाला. "बघा दादा, मशीनला दिसत नाही म्हणजे डॉक्टरला रोगच कळला नाही. नस दबलीय, मुळासकट काढून देतो." डॉक्टरच्या गोळ्या बंद करायच्या ही पहिली अट, पैसे पूर्ण कोर्सचे आधी, आणि पावती काही नाही.

पुड्या आल्या त्या कोऱ्या पांढऱ्या कागदात, ना नाव ना तारीख, आत काळपट हिरवी पावडर. आणि खरं सांगते, फिट्स थांबल्या. सगळे खूष. पण माणूस दिवसभर पेंगायचा, बोलताना जीभ जड, चालताना झोकांड्या. विचारलं तर "शरीरातली घाण निघतेय ताई, चांगलं लक्षण आहे". मग एकदम रेट वाढवला, जास्तीचे पैसे टाका तरच पुढचं पार्सल. त्या भांडणात पुड्या संपल्या आणि काही दिवसांनी एकामागून एक फिट्स, मधे शुद्धच येईना. पाच मिनिटांच्या वर फिट गेली की थेट हॉस्पिटल गाठायचं एवढं माहीत होतं म्हणून वेळेत पोचलो.

तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, फिनोबार्बिटोन देताय का? रक्तात सापडलं. 1912 पासून वापरात असलेलं फिट्सचं औषध, अगदी 'इंग्लिश'च, तेच पावडरीत मिसळून जडीबुटी म्हणून विकलं! डोस किती ते कुणालाच माहीत नाही, आणि हे औषध शरीरातून सावकाश उतरतं त्यामुळे बंद झाल्यावर फिट्स लगेच नाही, काही दिवसांनी येतात. म्हणजे पुडीवर संशय पण जात नाही, उलट त्याचंच खरं वाटतं.

आता डॉक्टरच्या गोळ्या परत चालू आहेत, फिट्सचं कारण मात्र अजूनही सापडलेलं नाही.

कुणी अशा पुड्या घेत असेल तर घाबरून एकदम बंद करू नका, त्यातच जास्त धोका आहे, पुडी तशीच घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा, ते रक्तातली लेव्हल बघून हळूहळू बदलतात. उरलेल्या पुड्या, पार्सलचं कव्हर, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट काहीही फेकू नका, तक्रार करताना तेच लागतं. आमचं कव्हर कचऱ्यात गेलं आणि तो नंबर आता बंद आहे.