रात्रीची मिरवणूक आणि स्लो सिंक: फ्रंट कर्टन की रिअर?

विसर्जन मिरवणुकीत १/२०० सेकंदाच्या शटरला फ्लॅश मारला की वादक उजळतो आणि मागची रोषणाई काळी पडते. शटर १/१५ किंवा १/८ वर आणलं की रोषणाई फोटोत येते; फ्लॅशसोबत असं संथ शटर म्हणजेच स्लो सिंक. फ्लॅश चमकतो तो सेकंदाचा अगदी छोटा अंश, साधारण हजारावा भाग किंवा त्याहून कमी. तेवढ्यात माणूस गोठतो, उरलेल्या वेळात प्रकाशाच्या रेघा उमटतात. ठरवायचं एवढंच, की फ्लॅश शटर उघडताच उडवायचा (फ्रंट कर्टन; कर्टन म्हणजे शटरचा पडदा) की मिटायच्या जरा आधी (रिअर कर्टन).

ध्वज घेऊन आडवा धावणारा पोरगा घ्या. फ्रंटमध्ये तो सुरुवातीलाच गोठतो आणि नंतर पुढे सरकतो, त्यामुळे रेघा त्याच्या पुढ्यात येतात आणि तो उलटा पळतोय असं वाटतं. रिअरमध्ये रेघा मागे राहतात, वेग खरा दिसतो. इथे रिअरच हवा.

ढोलवादकासाठी मात्र आम्ही फ्रंटच सुचवू. शटर १/४ सेकंदाइतकं लांब ठेवलं तर तेवढ्यात टिपरू वर जाऊन खालीही येतं. रिअरमध्ये बटण दाबलं तो क्षण हातचा जातो. टीटीएलवर (म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून कॅमेराच फ्लॅशची पॉवर ठरवतो तेव्हा) आणखी एक भानगड आहे. मोजणीचा प्रीफ्लॅश आधी उडतो, खरा फ्लॅश शेवटी. शटर लांब असेल तर लोकांना पहिल्याच झोताला फोटो झाला असं वाटतं आणि ते मान वळवतात. म्हणून ग्रुप फोटोलाही फ्रंटच. माणूस थेट कॅमेऱ्याकडे येत असेल किंवा शटर १/६० पेक्षा जलद असेल, तर दोन्हींत फारसा फरक दिसत नाही.

सेटिंग दोन्हींसाठी एकच: मॅन्युअल मोड, १/१५, एफ ५.६, आयएसओ ८००. रोषणाई एक स्टॉप कमी (म्हणजे निम्म्या उजेडाची) येईल असा आयएसओ जुळवा; फ्लॅश टीटीएलवर उणे एक. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत शटर कॅमेरा ठरवतो; अंधार बघून कॅमेरा अर्धा सेकंदही लावतो आणि सगळंच हलतं. पिवळ्या दिव्यांखाली फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा, नाहीतर चेहरा निळसर आणि रस्ता पिवळा येतो. हाय स्पीड सिंक (फार जलद शटरसाठीचा फ्लॅश मोड) बंद ठेवा.

वादकाच्या कडा पारदर्शक दिसल्या, तर दोष कर्टनचा नाही: मागचा एलईडी पडदा फार उजळ आहे. वादक हलला की त्याच्या जागी मागचा उजेड नोंदला जातो. दोन पावलं सरकून त्याच्यामागे अंधारा भाग येऊ द्या.

फ्लॅश रेडिओ ट्रिगरवर (दूरचा फ्लॅश बिनतारी उडवणाऱ्या यंत्रावर) असेल तर रिअर चालतोच असं नाही. फ्लॅशची पॉवर मॅन्युअल करा, म्हणजे प्रीफ्लॅशचा गोंधळ नको, आणि शटर २ सेकंदांवर ठेवून बटण दाबा. लगेच उडाला तर तो फ्रंटच आहे, मेनूत काहीही लिहिलेलं असो.