पॅरिसमधलं एक दुपारचं जेवण: हॉटेलातलं बिस्त्रो की गल्लीतलं?

दर मे महिन्यात ओळखीचं कुणी ना कुणी पॅरिसला येतं. बॅगेत दशम्या असतात, शेंगदाण्याची चटणी असते, त्यामुळे पोटाची तशी चिंता नसते. तरी पहिल्याच फोनवर विचारतात, "एकदा तरी खरं फ्रेंच जेवायचंय. आम्ही राहतो त्या हॉटेलात खालीच बिस्त्रो, म्हणजे साधं फ्रेंच रेस्टॉरंट, आहे. तिथे बसू की बाहेर कुठे जाऊ?" पाहुण्यांना घेऊन मी दोन्हीकडे बसले आहे, आई-बाबांनाही नेलं आहे. त्यातून माझं मत पक्कं झालंय, ते कारणांसकट सांगते.

कुठेही बसा, पण दुपारी बसा, आणि शक्यतो सोमवार ते शुक्रवारच्या मधला दिवस धरा. इथलं दुपारचं जेवण कामावरून तासभर सुटलेल्या माणसासाठी बेतलेलं असतं. दाराबाहेर काळ्या पाटीवर खडूने 'फोर्म्यूल' लिहिलेलं असतं, म्हणजे ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ: सुरुवातीचा आणि मुख्य, किंवा मुख्य आणि गोड. गल्लीतल्या साध्या बिस्त्रोत हे साधारण 20 ते 25 युरोंत होतं, बऱ्या हॉटेलात 30 ते 40 लागतात. रात्री त्याच स्वयंपाकघरातलं तेच जेवण सुटं मागवावं लागतं आणि बिल बरंच फुगतं. शनिवार-रविवारी ही पाटी बहुतेक ठिकाणी उचललेली असते. शब्दांचा एक घोळही आधीच लक्षात ठेवा. इथे 'मेन्यू' म्हणजे ठरलेलं पूर्ण जेवण. पदार्थांची यादी हवी असेल तर 'कार्त' मागायचं. 'आँत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. तोच मुख्य समजून मागवणारे आणि मग अर्धपोटी उठणारे मी पाहिले आहेत.

आता दोन्हींतला फरक. गल्लीतल्या बिस्त्रोचं स्वयंपाकघर बाराला उघडतं आणि दोन-अडीचला बंद होतं. लूव्र बघून पाय ओढत पावणेतीनला पोचलात तर कॉफी मिळेल, जेवण नाही. रविवारी किंवा सोमवारी अनेक जागा बंद असतात, ऑगस्टमध्ये तर मालक दोन-तीन आठवडे कुलूप लावून सुट्टीवर जातात. हॉटेलातलं बिस्त्रो बहुधा सगळे दिवस चालू असतं आणि वेळेच्या बाबतीतही सोयीचं पडतं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असली की ही गोष्ट साधी राहत नाही.

दुसरा मुद्दा जिन्याचा. पॅरिसच्या जुन्या बिस्त्रोंत स्वच्छतागृह बहुधा तळघरात असतं आणि तिथे जायला अरुंद, गोल वळणाचा जिना. एका ठिकाणी आईचा गुडघा दुखत होता. भिंतीला हात लावत ती एकेक पायरी उतरली, मी मागे तिची पर्स धरून. वर आल्यावर तिने पाणी प्यायचंच बंद केलं, पुन्हा उतरावं लागू नये म्हणून. जेवण उत्तम होतं, पण त्या जेवणाचं मला आज तेवढंच आठवतं. हॉटेलात बहुधा लिफ्ट असते, टेबलांमधून वाट असते. बाहेरच्या खुर्च्यांचा मोह सगळ्यांना होतो, पण तिथे सिगारेट ओढायला मनाई नाही. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आतच बसावं.

सगळ्यात जास्त बोलायला हवं ते शाकाहाराबद्दल, कारण इथे फसगत जिभेला कळायच्या आत होते. कांद्याचं सूप घ्या. वर चीज वितळलेला पाव, खाली तपकिरी झालेला कांदा, बघायला पूर्ण शाकाहारी. पण मूळ पाणी बहुतेक वेळा गोमांसाच्या हाडांचं असतं. सॅलडमध्ये 'लार्दों' लिहिलं असेल तर ते डुकराच्या मांसाचे तुकडे. फ्रेंच फ्राइज काही जागी गाईच्या चरबीत तळतात. कोंतेसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, त्यामुळे अगदी काटेकोर असाल तर तेही विचारायला हवं. मांसाहारी पण गोमांस न खाणाऱ्यांनी 'बफ' आणि 'व्हो' हे दोन शब्द पाठ करावेत: पहिलं गाय-बैल, दुसरं वासरू. ब्लांकेत नावाचा पांढऱ्या रश्शाचा पदार्थ चिकनसारखा दिसतो, पण असतो बहुधा वासराचा. गोमांस टाळणाऱ्यांसाठी भाजलेली कोंबडी, बदकाची तंगडी किंवा त्या दिवसाचा मासा हे बिनघोर.

या बाबतीत हॉटेलचं पारडं स्पष्ट जड आहे. तिथे जगभरची माणसं जेवतात, वाढप्याला असे प्रश्न रोजचे असतात आणि इंग्रजी चालतं. एका हॉटेलात मी सूपबद्दल विचारलं तेव्हा वाढपी "हो हो" म्हणून मोकळा झाला नाही. आत गेला, परत आला आणि म्हणाला, पाणी मांसाचंच आहे, पण आम्ही लीक देऊ शकतो. कांद्याच्या पातीचा जाडजूड भाऊच म्हणा, उकडून गार केलेला, वर मोहरी घातलेलं व्हिनेग्रेट, म्हणजे तेल आणि व्हिनेगरचं आंबट मिश्रण. मागोमाग हिरव्या मसुरांची वाटी आली, लोण्यात बारीक गाजर परतून घातलेलं. बाबांनी पावाच्या तुकड्याने वाटी निपटून काढली आणि म्हणाले, "ही तर आपली उसळच की, तिखट तेवढं विसरलेत." गल्लीतल्या बिस्त्रोत शाकाहारी माणसाला गरम बकरीच्या चीजचं सॅलड किंवा अंडं चालत असेल तर अंडी-मेयोनेज, यापलीकडे फार हाती लागत नाही. दुपारी एकच स्वयंपाकी एकटा चाळीस ताटं काढत असतो. तुमच्यासाठी वेगळं करायला त्याला खरंच उसंत नसते, त्याला उद्धट म्हणू नये.

मग हॉटेलच का नाही, नेहमीच? कारण हॉटेलातलं बिस्त्रो पडतं तेव्हा फार वाईट पडतं. एका स्टेशनजवळच्या हॉटेलात बदकाची तंगडी आली ती वरून गरम, हाडापाशी गार. पाकिटातून काढून तापवलेली होती, हे चमच्यालाच कळलं. खाली बिस्त्रो लिहायचं आणि आत सकाळच्या नाश्त्यापुरतं स्वयंपाकघर ठेवायचं, असं करणारी हॉटेलं आहेत. ओळखायची खूण सोपी आहे: कार्त जितकं लांब आणि जितक्या जास्त भाषांत, तितकी शंका जास्त. सात-आठ पदार्थ, ऋतूप्रमाणे बदलणारे, ही चांगली खूण. 2014 पासून फ्रान्समध्ये 'फे मेजों' म्हणजे घरी रांधलेलं, असं कायद्याने ठरलेलं चिन्ह आहे: भांडं आणि झाकणाच्या जागी घराचं छप्पर. पदार्थाशेजारी ते दिसलं तर जीव भांड्यात पडतो.

आणि हॉटेल म्हणजे नकली, गल्ली म्हणजे अस्सल, असंही समजू नका. आजच्या चांगल्या बिस्त्रोचं घराणंच हॉटेलातून आलंय. इव्ह कामदबोर्द हे शेफ क्रियों या पंचतारांकित हॉटेलात शेफ क्रिस्तियाँ काँस्ताँ यांच्या हाताखाली तयार झाले. 1992 मध्ये तिथून बाहेर पडून त्यांनी शहराच्या कडेला, 14व्या विभागात, ला रेगालाद नावाचं साधं बिस्त्रो काढलं: हात मोठ्या हॉटेलचा, किंमत गल्लीची. काँस्ताँच्या इतर शिष्यांनीही तीच वाट धरली आणि पुढे या प्रकाराला 'बिस्त्रोनोमी' हे नाव मिळालं. मग 2005 च्या सुमारास कामदबोर्द पुन्हा हॉटेलात आले, पण स्वतःच्या. ओदेओं चौकातल्या रले सें-जेर्में या छोट्या हॉटेलच्या तळमजल्यावर त्यांनी ल कोंत्वार नावाचं बिस्त्रो चालवलं. दुपारी आरक्षण नाही, आधी येईल तो बसेल. आता ते दुसऱ्यांच्या हाती आहे, तरी हॉटेलच्या पोटात खरंखुरं बिस्त्रो नांदू शकतं हे त्या एका जागेने दाखवलंय.

पैशाचा विचार प्रथम असेल तर तिसरा पर्याय आहे तो बूयोंचा. बूयों म्हणजे मांसाचं गरम पाणी, रस्सा. 1850 च्या दशकात द्युवाल नावाच्या खाटकाने बाजारात राबणाऱ्यांना स्वस्तात गरम जेवण द्यायला या जागा सुरू केल्या, म्हणजे आपली खानावळच. फोबूर-माँमार्त्र रस्त्यावरचं शार्तिए 1896 पासूनचं आहे. उंच छत, आरसे, पितळी फळ्या, काळ्या जाकिटातला वाढपी तुमचा हिशेब टेबलावरच्या कागदावरच लिहितो. अनोळखी माणसांशेजारी बसवतात. अंडी-मेयोनेज दोन-तीन युरोंत, मुख्य पदार्थ 10 ते 15 च्या घरात, आणि दिवसभर चालू. जेवण साधं, कधी कधी फारच साधं. पण कॉलेजातल्या मुलांना, मित्रमैत्रिणींच्या घोळक्याला मी डोळे मिटून तिथेच पाठवते.

आई-वडील बरोबर असतील, घरात कुणी कडक शाकाहारी असेल किंवा ऑगस्टचा रविवार असेल, तर चांगल्या हॉटेलातलं बिस्त्रो घ्या आणि वरचे दहा-पंधरा युरो खुशाल द्या. दोघंच असाल, सगळं खात असाल आणि बाराच्या ठोक्याला पोचू शकत असाल, तर गल्लीतलं. तिथली चव, गडबड, शेजारच्या टेबलावरचं ऑफिसचं भांडण, हे हॉटेलात मिळत नाही.

दोन्हीकडे एक वाक्य सारखंच लागतं. वाढपी साधं की सोड्याचं पाणी विचारेल, ती बाटली विकतची असते, हॉटेलात सात-आठ युरोंचीसुद्धा. 'युन काराफ दो, सिल व्हू प्ले' म्हणा, म्हणजे 'एक जग पाणी द्या'. नळाचं पाणी आणि पाव जेवणाबरोबर फुकट द्यायचा इथे नियमच आहे. सेवेचा आकारही किमतीत धरलेला असतो, त्यामुळे टिपचं दडपण घेऊ नका. मनापासून आवडलं तर एक-दोन युरोंची नाणी बशीत ठेवायची. आणि कॉफी गोड संपल्यावर येते. बरोबर हवी असेल तर मागवतानाच सांगा.