पाहुण्या संघासाठी तिकीट: एसीसी–एसईसी चॅलेंजची तीन वर्षं

हाफ टाइमचा भोंगा वाजला तेव्हा फलकावर ६१–३९ होते आणि शेजारच्या खुर्चीतले आजोबा कोट चढवून निघायच्या तयारीत होते. चॅपल हिलचं डीन स्मिथ सेंटर, २९ नोव्हेंबर २०२३, बुधवारची रात्र. कॉलेज बास्केटबॉलचा सामना, यूएनसी (नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ) विरुद्ध टेनेसी, एसीसी आणि एसईसी या कॉलेज संघांच्या दोन गटांमधल्या चॅलेंजमधला. एका हाफमध्ये ६१ गुण, आणि तेही टेनेसीविरुद्ध, ज्यांचे कोच रिक बार्न्स बचावासाठी नावाजलेले! मी, नवरा आणि तेव्हा नववीत असलेली लेक, आम्ही तिघं अगदी छताजवळच्या रांगेत बसलो होतो. नवरा म्हणाला, "निघायचं का? उद्या हिची शाळा आहे." मी म्हटलं, "त्या तीन नंबरच्या मुलाला अजून कुणी अडवलेलं नाही. थांब जरा."

तीन नंबर म्हणजे डाल्टन कनेक्ट. त्या रात्री त्यानं एकट्यानं ३७ गुण केले. टेनेसीनं दुसरा हाफ ५३–३९ असा काढला आणि सामना शेवटी १००–९२ वर आला. यूएनसी जिंकली, सगळं स्टेडियम आकाशी निळ्या रंगात नाचत होतं, आणि आम्ही घरी जाताना गाडीत फक्त हरलेल्या संघातल्या त्या मुलाबद्दल बोलत होतो.

मी शाळेत असताना पुण्यात बास्केटबॉल खेळायचे. सिमेंटचं कोर्ट, उन्हानं तापलेलं, पडलं की गुडघा सोललाच. आमचे सर एकच गोष्ट घोकून घ्यायचे: पाय आधी, हात नंतर. कनेक्टला वरून बघताना ते वाक्य समोर घडताना दिसलं. तो कोपऱ्यातून निघायचा, बेसलाइनवरून (बास्केटमागच्या रेषेलगत) धावत यायचा आणि आपल्याच उंच सहकाऱ्याच्या खांद्याला खांदा घासून पलीकडे पडायचा. मागून येणारा बचावपटू त्या सहकाऱ्यावर आपटून अर्धं पाऊल मागे राहायचा. तेवढ्यात बॉल हातात आलेला असायचा आणि पाय आधीच बास्केटकडे वळलेले असायचे. लेकीला म्हटलं, बॉलकडे बघू नकोस, याच्या बुटांकडे बघ. तिनं पुढची दहा मिनिटं दुसरं काही पाहिलं नाही. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे पळतो, त्यामुळे ही पळापळ घरी बसून दिसत नाही. स्वस्तातल्या वरच्या रांगा वाईट म्हणणाऱ्यांचं म्हणूनच मला पटत नाही.

हा मुलगा आधी ज्युनियर कॉलेजात होता, मग नॉर्दर्न कोलोराडोत, आणि शेवटचं एक वर्ष टेनेसीत. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात आमच्या रांगेतल्या कुणालाच त्याचं नाव नीट माहीत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या लेकर्सनी त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सतराव्या क्रमांकावर घेतलं. मोसमाच्या सुरुवातीचे सामने मला का आवडतात, ते यात आलं. संघ अजून शिजायचे असतात, कोण काय करू शकतो ते त्यांच्या कोचनाही पुरतं कळलेलं नसतं, आणि अशा वेळी लांबचा, एरवी इकडे न फिरकणारा पाहुणा आपल्या गावच्या कोर्टावर येतो.

नवीन मंडळींसाठी थोडं सांगते. अमेरिकेत कॉलेजचे संघ कॉन्फरन्समध्ये विभागलेले असतात. आमच्या भागातली ड्यूक, यूएनसी आणि एनसी स्टेट ही तिन्ही एसीसीत. दक्षिणेतली केंटकी, टेनेसी, ऑबर्न, अलाबामा, फ्लॉरिडा ही एसईसीत. डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत प्रत्येक जण मुख्यतः आपल्याच कॉन्फरन्समधल्यांशी खेळतो. त्याआधीच, थँक्सगिव्हिंगनंतरच्या आठवड्यात, या दोन कॉन्फरन्स एकमेकींसमोर उभ्या केल्या जातात. साधारण अर्धे सामने यांच्या घरी, अर्धे त्यांच्या घरी, आणि शेवटी कुणाचे विजय जास्त त्याची बेरीज. पूर्वी एसीसीची अशी जोडी बिग टेनशी होती, १९९९ ते २०२२. पहिली दहा वर्षं एसीसीनं ती बेरीज एकदाही हातची जाऊ दिली नव्हती. मग बिग टेनचे प्रक्षेपणाचे हक्क ईएसपीएनकडून दुसऱ्या वाहिन्यांकडे गेले, ती जोडी मोडली आणि २०२३ पासून एसईसी आली. सोयरीक जुळवतात टीव्हीवालेच. तरी झाली ती चांगली झाली, कारण एसईसीचा खेळ अंगाचा आहे, आणि आमच्या संघांना तो डिसेंबरातच अंगावर घ्यावा लागतो.

मोसमाच्या सुरुवातीला मोठे सामने इतरही असतात. चॅम्पियन्स क्लासिक २०११ पासून चालू आहे, ड्यूक, कॅन्सस, केंटकी आणि मिशिगन स्टेट या ठरलेल्या चौघांचा. पण तो मोठ्या शहरांतल्या भाड्याच्या मैदानांवर होतो. तिथं खेळ असतो, घर नसतं. चॅलेंजचे सामने कॉलेजच्या आवारात होतात, पाहुण्याला यजमानाच्या पोरांचा आरडाओरडा कानाशी झेलावा लागतो. माझ्या मते निम्मे पैसे तिथंच वसूल होतात.

तिकिटांबद्दल मात्र तक्रार आहे. ती दोन महिने आधी काढायला हवी होती. आम्ही सामना एका आठवड्यावर आला तेव्हा एका पुनर्विक्रीच्या साइटवरून घेतली. आधी दाखवलेली किंमत आणि पैसे भरतानाची किंमत यांत जवळजवळ पाव पटीचा फरक निघाला. सेवा शुल्क, आणखी कसलं तरी शुल्क, तिकीट फोनवर पाठवायचंही शुल्क. मला फार राग आला होता. तेव्हा तुम्ही आधी कॉलेजच्या स्वतःच्या तिकीट खिडकीकडे बघा, आणि शेवटची बेरीज दिसल्याशिवाय तिकीट पसंत करू नका.

आता खरी शिफारस. याच चॅलेंजमध्ये मुलींचेही सामने असतात, आणि आपल्या ओळखीतल्या दहा घरांपैकी नऊंना ते ठाऊक नसतं. दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, चॅपल हिललाच कारमायकल अरेनात यूएनसीच्या मुलींचा सामना साउथ कॅरोलायनाशी होता. साउथ कॅरोलायना तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर. तिघांची तिकिटं मिळून आदल्या रात्रीच्या एका तिकिटाहून कमी पडली. जागा कोर्टापासून सातव्या रांगेत. हे तेच सभागृह, जिथं १९८६ पर्यंत यूएनसीची मुलं खेळायची. मायकेल जॉर्डन कॉलेजात असताना इथंच खेळला. सात हजारही माणसं मावत नाहीत, त्यामुळे आवाज वर हवेत विरत नाही, अंगावर येतो.

सातव्या रांगेतून बुटांचं करकरणं ऐकू येतं. फ्री थ्रोच्या वेळी रेषेवर उभ्या मुली कोपरांनी एकमेकींची जागा चाचपताना दिसतात. बॉल रिंगवर आपटायच्या आधीच एकीनं दुसरीला पाठीनं अडवून दोन पावलं मागे रेटलेलं असतं, आणि रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) कुणाचा ते तिथंच ठरून गेलेलं असतं. साउथ कॅरोलायनाच्या कोच डॉन स्टेली अक्षरशः हाकेच्या अंतरावर. खेळाडू म्हणून तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेली ही बाई बेंचसमोर हाताची घडी घालून उभी होती, आणि कुणी बचावात एक पाऊल चुकलं की घडी सुटायची. माझी लेक त्या रात्री तिच्याकडेच बघत होती. साउथ कॅरोलायना ६५–५८ जिंकली. पुढे हाच संघ ३८ पैकी ३८ सामने जिंकून विजेता झाला. अशा संघाला यूएनसीच्या डेजा केली आणि तिच्या मैत्रिणींनी घाम गाळायला लावला होता, आणि तो आम्ही सात रांगांवरून पाहिला होता.

पुढचं वर्ष, २०२४, आम्ही घरीच टीव्हीवर काढलं. ड्यूक विरुद्ध ऑबर्न हा सामना ड्यूकच्या गावी, ड्युरमला होता, आणि तिथल्या कॅमरन इनडोअर स्टेडियमचं तिकीट मिळणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही. १९४० साली उघडलेली दगडी इमारत, जागा फक्त ९,३१४, त्यातही कोर्टालगतच्या विद्यार्थ्यांच्या. आमच्याकडे तेव्हा सासूबाई साताऱ्याहून आलेल्या. त्यांना खेळातलं फारसं कळत नाही, पण घरात सगळे जागे असताना एकट्या झोपायला जाणाऱ्यांतल्या त्या नाहीत. शाल पांघरून सोफ्यावर बसल्या.

ऑबर्न दुसऱ्या क्रमांकावर होता, ड्यूक नवव्या. सुरुवातीला ऑबर्ननं ड्यूकला पार दाबलं. मग ड्यूकचे कोच जॉन शायर यांनी बेंचवरून एक काटकुळा पोरगा उतरवला, आयझेया एव्हान्स. पहिल्याच वर्षाचा, आणि त्याआधीच्या मोठ्या सामन्यांत बहुतेक वेळ बसूनच. त्यानं पहिल्या हाफमध्ये तीन गुणांच्या सहा बास्केट टाकल्या. एकेक जात होती तशी कॅमरनमधली तोंडं निळी रंगवलेली पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढत होती. चौथ्या बास्केटला सासूबाई सरसावून बसल्या. सहावी गेल्यावर म्हणाल्या, "अगं, एवढं येतंय त्याला, तर इतके दिवस बसवून का ठेवला होता?" दुसऱ्या दिवशी सगळ्या ड्युरमभर हाच प्रश्न होता. ड्यूकच्याच कूपर फ्लॅगनं २२ गुण आणि ११ रिबाउंड काढले आणि ड्यूक ८४–७८ जिंकला.

पण त्या दोन रात्रींत एसीसीला आनंद एवढाच. केंटकीला हरवणारी क्लेम्सन आणि ही ड्यूक, असे सोळांतले दोनच विजय. १४–२. यूएनसी आपल्याच घरी अलाबामाकडून ९४–७९ अशी हरली. मी आकाशी निळ्या बाजूची, मला ते फार लागलं. आणि डिसेंबरातला हा मार मार्चपर्यंत पुरला. त्याचं गणित असं: मार्चच्या मुख्य स्पर्धेत ६८ संघ घेतात, आणि निवड करताना नेट नावाची क्रमवारी बघतात. कुणाला हरवलं आणि कुठं हरवलं, यावर तिचं वजन ठरतं. जानेवारीपासून संघ आपापसात खेळतात. तेव्हा घरातल्या एकाचा विजय हा घरातल्याच दुसऱ्याचा पराभव असतो, घराची एकूण पत त्यानं वाढत नाही. पत ठरते ती बाहेरच्यांना हरवून, म्हणजे डिसेंबर संपेपर्यंतच. एसईसीनं ती तेव्हाच कमावली होती, त्यामुळे नंतर आपापसातले पराभवही त्यांना फारसे महागात पडले नाहीत. सोळापैकी चौदा संघ आत गेले, एका कॉन्फरन्सचा हा विक्रम. एसीसीचे अठरापैकी चार. अंतिम चारांत ड्यूक आणि ऑबर्न पुन्हा दिसले, आणि विजेतेपद एसईसीच्या फ्लॉरिडानं नेलं. "नोव्हेंबर-डिसेंबरचे सामने काय, सराव सामने," असं म्हणणाऱ्यांना मी हे दरवेळी ऐकवते.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. सोळा सामने दोनच रात्रींत कोंबलेले असतात. २०२४ च्या त्या बुधवारी यूएनसीचा सामना संपतो न संपतो तोच ड्यूकचा चालू झाला, आणि क्लेम्सन–केंटकी आदल्या रात्री दुसऱ्या सामन्यांच्या गर्दीत. चार रात्री केल्या असत्या तर प्रत्येक सामन्याला त्याचा मान मिळाला असता. उशिरा सुरू होणारा सामना संपेस्तोवर मध्यरात्र गाठते आणि शाळेची मुलं अर्ध्यातून उठतात. ज्या वयात हा खेळ मनात रुजतो, नेमक्या त्या वयाची.

जायचं ठरवलंत तर: स्मिथ सेंटरला गाडी आवारात नेण्याच्या भानगडीत पडू नका, लांब लावून बसनं जा. आत पारदर्शक पिशवीच चालते, मोठी पर्स घरी ठेवा. शाकाहारी असाल तर पॉपकॉर्न आणि प्रेट्झेलवर भागवावं लागेल, निघताना पोटभर खाऊन निघा. मुलगी असेल घरात, तर मुलींचा सामना आधी धरा.

२०२५ साली, २ डिसेंबरला, फ्लॉरिडा कॅमरनमध्ये आली होती, विजेतेपद पाठीवर घेऊन. फ्लॅग एव्हाना एनबीएत गेलेला. ड्यूकच्या कॅमरन बूझरनं २९ गुण केले, तरी शेवटच्या मिनिटात सामना लोंबकळतच होता. शेवटी तीन गुणांची एक बास्केट गेली आणि ड्यूक ६७–६६ जिंकला. टाकणारा एव्हान्स. मी तशीच उठून साताऱ्याला फोन लावला; तिकडे सकाळचे आठ वाजून गेले होते. सासूबाईंना नाव आठवलं नाही. म्हणाल्या, "तो सहावाला ना? आता बसवत नाहीत ना त्याला?"