विरुद्धार्थी चित्रकार्डांचा संच: नऊ महिन्यांचा अनुभव

लेक तीन वर्षं चार महिन्यांची असताना हा संच घेतला. तेव्हा तिच्याकडे जेमतेम पंधरा-वीस शब्द होते, तेही घरच्यांनाच कळायचे. कानांची तपासणी आधीच झाली होती, ऐकू व्यवस्थित येत होतं. तुमची राहिली असेल तर कार्डांच्या आधी ती उरका. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी मुलाचं बोलणं मागे पडू शकतं.

पहिला महिना आमचा वायाच गेला. 'मोठा-लहान'च्या कार्डांवर हत्ती आणि उंदीर आहेत. लेकीने हत्तीवर बोट ठेवलं की आम्ही टाळ्या वाजवायचो. एक दिवस तिच्यापुढे दोन चेंडू ठेवून म्हटलं, "मोठा दे." ती उठली आणि हत्तीचं कार्ड घेऊन आली. तिच्या लेखी 'मोठा' हे हत्तीचंच नाव होतं! यात तिची काहीच चूक नाही. रंग तोच, आकार तोच, फरक फक्त मापात, असे दोन चेंडू चित्रात हवे होते. या संचातल्या निम्म्याअधिक जोड्यांमध्ये हाच दोष आहे.

आमच्या स्पीच थेरपिस्ट ताईंनी कार्डं उचलून ठेवायला लावली आणि एक मोठं खोकं मागितलं. लेक खोक्यात शिरली की "आत!", बाहेर आली की "बाहेर!", बस्स, दुसरा शब्द नाही. दोन आठवड्यांनी तिच्या जागी बाहुली आली, मग डबा आणि मोजा, आणि सगळ्यात शेवटी कार्ड. या क्रमाने गेल्यावर तेच कार्ड तिला एका दिवसात कळलं.

मराठीची एक अडचण मला आधी सुचलीच नव्हती. मोठा चेंडू, मोठी पिशवी, मोठं खोकं: आपल्याला शब्द एकच वाटतो, पण शब्द पकडायला धडपडणाऱ्या मुलाच्या कानावर तीन वेगळे शब्द पडतात. आत, बाहेर, वर, खाली हे कधी बदलत नाहीत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली. तेही 'डब्यात' न म्हणता 'डब्याच्या आत' असं, म्हणजे 'आत' सुटा ऐकू येतो. 'मोठा' शिकवताना कित्येक आठवडे फक्त चेंडू, डबा, चमचा आणि मोजा वापरले. 'कोरडा'ही लगेच आणला नाही. आधी 'ओला मोजा' आणि 'ओला नाही', एवढंच.

"बोल ना, बोल" मात्र पूर्ण बंद केलं. समजणं आधी येतं, बोलणं मागून. म्हणून "दे", "दाखव", "ठेव" म्हणायचं आणि मनात दहा आकडे मोजत गप्प बसायचं. मला हेच सगळ्यात जड गेलं. ती नुसतं "आ" म्हणाली तरी आम्ही "हो, मोजा आत" म्हणतो, चूक दाखवत नाही.

चित्र दाखवून काम भागलं तर पोर बोलायचं कशाला, अशी सासूबाईंना धास्ती होती. मलाही होती, खोटं कशाला सांगू. मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी 2006 मध्ये खुणा-चित्रांच्या आधाराने संवाद शिकवण्याच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. त्यातल्या सगळ्यात भक्कम पुरावा असलेल्या अभ्यासांत या आधारामुळे एकाही व्यक्तीचं बोलणं कमी झालेलं आढळलं नाही. हे कळल्यावर आम्ही दोघी निर्धास्त झालो.

संचाची खरी जमेची बाजू म्हणजे प्रत्येक कार्डामागे छापलेला शब्द. आजी 'छोटा' म्हणायच्या, बाबा 'लहान', मी 'बारीक'. आता घरभर एकच शब्द चालतो. कार्डं जाड आहेत, चावूनही टिकली.

परवा लेकीने भिजलेला मोजा बादलीत टाकला, माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "मोदा आत. ओला." मी तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

'आधी-नंतर'ची कार्डं अजून पाकिटातच आहेत. त्यांच्यासाठी सध्या रोज "आधी मोजा, नंतर बूट" चालू आहे.