लॉन मशीनच्या पत्र्याला ग्राफाइटचा रंग: घ्यावाच असा

लातूरला एका मंगल कार्यालयाची हिरवळ माझ्याकडे आहे. पावसाळ्यात ओलं गवत कापणीच्या मशीनच्या पात्यावरच्या पत्र्याला आतून थापल्यासारखं बसतं, ओल धरून ठेवतं आणि पत्रा गंजतो. यंदा ग्राफाइटचा रंग आणला, म्हणजे ग्राफाइटची भुकटी असलेला, वाळल्यावर गुळगुळीत होणारा रंग. आधी मशीन चुकून सुरू होऊ नये म्हणून इंजिनच्या स्पार्क प्लगची वायर काढली, एअर फिल्टर वर राहील असं मशीन कलंडवलं, तारेच्या ब्रशनं गंज खरवडला. रेडऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या प्रायमरचा) एक हात, तो वाळल्यावर ग्राफाइटचे दोन. आता गवत लाकडी पट्टीनं सहज सुटतं, पैसे वसूल! पात्याजवळ खडे लागून रंग उडतो, तिथं दर हंगामात पुन्हा लावा. जुनं इंजिन ऑइल मात्र फासू नका. त्यावर कचरा आणखी चिकटतो आणि थेंब पडतील तिथली हिरवळ जळते.